मेट्रोने का नाही गेले? (एका काकांच्या प्रतिक्रियेला लांबलेलं उत्तर)

नमस्कार काका,

काका म्हणतेय कारण रिटायर होऊन बारा वर्षं झाली असं तुम्हीच लिहिलंय, चालेल ना? तुमची प्रतिक्रिया मंगळवारीच वाचली होती. पहिल्यांदा वाचली तेव्हा जरा लागली, खोटं कशाला बोलू, मग नवऱ्याला वाचून दाखवली तर तो हसायलाच लागला आणि वर म्हणाला बरोबरच बोलतायत की ते. म्हणून चार दिवस गप्प बसले.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी: पॅरिसच्या पेस्ट्रीच्या दुकानांतून एका शनिवारी केलेल्या पायपिटीवर मी लिहिलं होतं, त्यावर काकांचं म्हणणं असं की मेट्रोने दोन तासांत उरकलं असतं, केक खायला एवढं चालायचं म्हणजे फिरणं नव्हे मिरवणं, क्रोसाँ (लोण्याच्या पापुद्र्यांचा पाव) फ्रेंच नाहीच, ऑस्ट्रियन आहे, व्हिएन्नाला तुर्कांचा वेढा पडला तेव्हाचा, अंडं आणि दारू कशात आहे याचा लेखात अवाक्षर उल्लेख नाही, आणि एका केकला आठशे रुपये देण्यापेक्षा आपली खारी काय वाईट.

तर आधी मेट्रो. काका, तसंही करून पाहिलंय हो मी! इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात, यादी काढून, तिकिटं घेऊन. तीन दुकानं सव्वा तासात. तिसऱ्या ठिकाणी, म्हणजे आंजेलिनात, माँ-ब्लाँ समोर आला (खाली मेरँग म्हणजे अंड्याचं पांढरं साखरेत फेटून भाजलेला कुरकुरीत थर, त्यावर क्रीम, वरून चेस्टनटची शेवयांसारखी पाडलेली गोड पेस्ट) आणि मला चार घास जाईनात. जिभेला फक्त साखर कळत होती. अर्धा टाकून उठले, आणि तो काही स्वस्त नसतो. त्या दिवशी मी तीन दुकानं पाहिली आणि शहर म्हणाल तर सरकते जिने पाहिले.

चालत गेलं की मधे पंचवीस-तीस मिनिटं जातात, तेवढ्यात पोट आणि जीभ दोन्ही ताळ्यावर येतात. एवढंच असतं तर मी तुमचं ऐकलंही असतं, पण दुसरी गंमत अशी की इथल्या जुन्या बेकऱ्यांच्या भट्ट्या बऱ्याचदा तळघरात असतात. सकाळी फुटपाथवरून चालताना पायाशी एखादी लोखंडी जाळी येते आणि तिच्यातून एकदम गरम हवा, भाजलेल्या लोण्याचा वास, आपण थांबतोच. दुकान अजून दहा पावलं पुढे असतं. हा वास मेट्रोत कुठून येणार, आणि तो महत्त्वाचा एवढ्यासाठी की १९९८च्या कायद्याने 'बुलाँजेरी' (पावाची बेकरी) अशी पाटी लावायची तर पीठ तिथेच मळून तिथेच भाजावं लागतं, पण तो कायदा पावाबद्दल आहे, क्रोसाँबद्दल नाही. क्रोसाँ कारखान्यातून फ्रोझन आणून नुसते ओव्हनमध्ये फुलवून विकले तरी पाटी तशीच राहते. ओळखायचे कसे? मी तरी डोळ्यांनी ओळखते. सगळे अगदी एकसारखे, एका साच्यातले दिसले की पुढे चालायला लागते, आणि एखादा जरा वाकडा, एखादा कडेला जास्त भाजलेला दिसला की आत शिरते. शिवाय अर्धचंद्र दिसला की जपून. लोण्याचा सहसा सरळ असतो, वाकवलेल्यात बहुधा मार्जरीन, म्हणजे लोण्याऐवजी वापरतात ते तेलाचं नकली लोणी असतं.

आता तो वेढा. ऑस्ट्रियन ही गोष्ट तुमची शंभर टक्के बरोबर, मी 'अस्सल फ्रेंच क्रोसाँ' असं ठोकून दिलं होतं ते चुकलंच. ऑगस्ट झांग नावाच्या व्हिएन्नाच्या माणसाने १८३०च्या दशकाच्या शेवटी इथे रू द रिश्लिएवर व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली, तिथल्या 'किप्फेर्ल' नावाच्या अर्धचंद्राकृती पावावरून पुढे हे सगळं झालं. असल्या पदार्थांना इथले लोक आजही 'व्हिएन्नवाझरी' म्हणतात, म्हणजे कबुलीजबाब नावातच आहे. पण १६८३च्या वेढ्यात पहाटे जागे असलेल्या शूर बेकरीवाल्यांनी तुर्कांची चाहूल लागताच शहर वाचवलं आणि त्यांच्या झेंड्यावरच्या चंद्रासारखा पाव केला, ही दंतकथा आहे काका, त्याला त्या काळातला पुरावा नाही. आणि लोण्याचे पापुद्रे पाडलेला जो क्रोसाँ आपण खातो तो पुढे फ्रान्समध्येच घडला. म्हणजे जन्म एकीकडचा, वाढला दुसऱ्याच्या घरी. गंमत म्हणजे त्या शनिवारी मी रू द रिश्लिए ओलांडूनच गेले होते, मोबाईलमध्ये बघत. परवा मुद्दाम परत गेले, पाटीवर रस्त्याचं नाव वाचलं आणि तुमची आठवण आली.

अंडं आणि दारू. इथे मात्र कान पकडते. आपल्याकडचे किती वाचक शाकाहारी, आणि मी बिनधास्त 'नक्की खा' लिहून मोकळी. तर नीट लिहिते. अंडं जवळपास सगळ्यात आहे, क्रोसाँच्या पिठात नसलं तरी वरची जी चमक असते ती अंडं फासूनच येते. स्तोरेर या १७३०च्या दुकानातला 'बाबा ओ रम' हा केक भाजून झाल्यावर रमच्या पाकात मुरवतात, त्यामुळे 'भाजताना उडून जाते' वगैरे काही नाही, रम आहे म्हणजे आहे. (हा स्तोरेर पंधराव्या लुईच्या पोलिश राणीबरोबर आलेला आचारी. आपल्याकडे बाबा म्हणजे बाप, पोलिशमध्ये बाबा म्हणजे म्हातारी बाई, आता बोला!) आणि अंड्याहून मोठी अडचण जिलेटिनची, जी तुम्हीही लिहिली नाहीत. मूसचे (फेटलेल्या हलक्या क्रीमचे) केक, वर आरशासारखं चकचकीत आवरण असलेले केक, यांत ते बहुतेक असतंच आणि ते जनावरापासूनच येतं. माझ्या आईला अंडं चालतं, बाकी काही नाही, तिला मी एका दुकानात असाच एक गुलाबी मूस मोठ्या हौसेने खिलवला आणि महिन्याभराने मला जिलेटिनचं कळलं. तिला अजून सांगितलेलं नाही. ती हा ब्लॉग वाचत नाही, देव करो. विचारायचं वाक्य असं: 'इल या द ला जेलातीन?', म्हणजे यात जिलेटिन आहे का? कुणी चिडत नाही.

पैशांचं काय बोलू. नावाजलेल्या ठिकाणी आठशे जातात, खरंय. गल्लीतला क्रोसाँ दीड युरोच्या आसपास मिळतो आणि मी रोज तोच खाते.

खारीबद्दल तुमच्याशी भांडणच नाही मुळी. पिठाची घडी, मधे स्निग्ध पदार्थ, पुन्हा घडी, युक्ती तीच. फरक एवढाच की खारीत बहुतेक वेळा वनस्पती तूप असतं, ते तोंडाच्या उबेला पुरतं वितळत नाही म्हणून टाळूला चिकटतं आणि म्हणूनच चहा लागतो. आमच्या शेजारच्या आजीही क्रोसाँ कॉफीत बुडवून खातात, वर कॉफीवर लोण्याचे ठिपके तरंगतात, आपल्या बशीतल्या चहासारखंच सगळं.

आणि 'मिरवणं'. त्या दिवशी सगळ्यात चांगलं काय खाल्लं ते लेखात आलंच नाही, कारण दुकान नावाजलेलं नव्हतं. वाटेतल्या एका साध्या दुकानातून पॅरी-ब्रेस्ट घेतला आणि तुइलरीच्या बागेतल्या हिरव्या लोखंडी खुर्चीवर बसले. चमचा नव्हता. खोका मांडीवर उघडला, आत सायकलच्या चाकासारखं गोल कडं, वर बदामाचे काप, मधे प्रालिनचं (साखरेत परतून वाटलेल्या बदाम-हेझलनटचं) क्रीम. एका बाजूने चावलं की दुसऱ्या बाजूने क्रीम बाहेर, बोटाने सारखं करत खायचं, आणि चिमण्या इतक्या धीट की खोक्याच्या काठावर येऊन बदामाचा तुकडा घेऊन पसार. घरी नेला असता तर संध्याकाळपर्यंत मऊ पडला असता, तो असा तिथल्या तिथेच खायचा. १९१०मध्ये लुई दुराँ नावाच्या पेस्ट्रीवाल्याने तो पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या सायकल शर्यतीवरून केला. शर्यत साधारण १२०० किलोमीटरची. तिच्या नावाचा केक खायला मी चार-साडेचार किलोमीटर चालले तर कुठे बिघडलं सांगा!

शेवटी तुम्ही हळूच विचारलंय की मुलगी नोव्हेंबरमध्ये येतेय, एकच दुकान सांगायचं तर कुठलं. तिला म्हणावं हॉटेलमधून सकाळी आठला बाहेर पड, हॉटेलचा नाश्ता घेऊ नकोस, आणि जिथे कामावर जाणाऱ्यांची रांग दिसेल तिथे उभी राहा. सोमवारी बरीच दुकानं बंद असतात, तेवढं बघायला सांगा. तुमच्यासाठी काही आणायचं तर क्रीमचं काही प्रवासात टिकणार नाही, रू द्यु शेर्श-मिदीवरच्या प्वालानमधून 'प्युनिसियाँ' नावाची छोटी लोण्याची बिस्किटं आणायला सांगा. चहाबरोबर मस्त लागतात. त्यात अंडं आहे. या वेळी लिहिलं हो!