इशारा पातळी ३९

आमच्या कॉलेजात पत्रकारितेची पदविका आहे, हे गेटसमोरच्या चहावाल्यालाही माहीत नव्हतं. प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "सर, तुमचं शुद्धलेखन चांगलं आहे. सोशल मीडिया तुम्ही बघा." मी मराठी शिकवतो. इतकी वर्षं ऱ्हस्व-दीर्घ सांभाळल्याची ही शिक्षा.

"१९२९ साली प्रभात फिल्म कंपनी याच कोल्हापुरात उभी राहिली, आणि आपल्याला वीस अॅडमिशन मिळेनात?" प्राचार्य म्हणाले. ती १९३३ साली पुण्याला गेली, हे मी मनातच ठेवलं.

पहिली रील पोरांनी मनापासून केली. विषय पंचगंगेवरचा राजाराम बंधारा. पावसाळ्यात अख्खं कोल्हापूर सकाळी उठून देवाआधी तिथल्या पाणीपातळीचाच आकडा बघतं. पोरं दोन दिवस भिजत उभी राहिली. शूटिंग मी केलं, मोबाईल आडवा धरून.

"सर, उभा धरा की! आडवं कोण बघतंय?"

मग कॅप्शन. 'पंचगंगेच्या जलपातळीचा सर्वंकष आढावा' असं मी लिहिलं होतं. पोस्ट पडली तेव्हा तिथं नुसतं 'पाणी किती चढलं?' एवढंच. "ते मोठं काढून टाकलो सर मी," एक विद्यार्थिनी म्हणाली. 'टाकलो' नव्हे, 'टाकलं', हे तिला तीन वर्षं सांगतोय. पण कोल्हापूरच्या पोरीला व्याकरण सांगणं म्हणजे पांढऱ्या रश्श्यात साखर घालणं.

पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. आमचे लाईक संध्याकाळी बरोबर ३९ वर येऊन थांबले. त्यात माझे नातेवाईक अकरा, मी स्वतः एक आणि कुठलासा टाइल्सवाला एक. रात्री दोनला उठून बघितलं, ३९. सकाळी ३८. पाणी ओसरायला लागलं होतं.

मग व्हॉट्सअॅप. ते एका दमात पाचच ठिकाणी फॉरवर्ड करू देतं. मी पाच-पाच करत, तांदूळ निवडावे तसा, रात्रभर बसलो. सोबत प्रवेशाचं पोस्टर होतं. डीटीपीवाल्यानं त्यावर तीन विद्यार्थ्यांचे फोटो गोलात बसवून कडेनं झेंडूच्या माळा सोडल्या होत्या. भावकीच्या ग्रुपवर थोरल्या काकांनी ताबडतोब लिहिलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. त्यांच्या मागोमाग आणखी सात जणांनी. त्या तिघांपैकी एक आमच्याच भावकीतला. त्याच्या आईनं मला फोन करून जे ऐकवलं, ते इथं छापण्यासारखं नाही.

आठवडाभरानं पोरं गंगावेशीत गेली होती. तिथं म्हशी समोर पिळून धारोष्ण दूध देतात, त्यावर बातमी करायची होती. आमचा वार्ताहर माईक धरून "मी आता उभा आहे..." म्हणतो न म्हणतो तोच मागच्या म्हशीनं मान लांब केली आणि माईकचं फोमचं बोंडूक तोंडात घेतलं. पोरानं ओढलं, म्हशीनंही ओढलं. म्हैस जिंकली. कुणीतरी ते अकरा सेकंदांचं तसंच टाकून दिलं, 'एका म्हशीची मुलाखत' म्हणून.

दोन दिवसांत दीड लाख लोकांनी बघितलं. धोका पातळी कधीच मागे पडली. कमेंटींचा पूर आला. 'विषय हार्ड', 'नाद खुळा', 'म्हैस कितीला?', 'दूध किती देती?' सांगलीहून एकानं 'पत्ता पाठवा' म्हणून लिहिलं. मला वाटलं, कॉलेजचा. तोही गोठ्याचाच हवा होता.

प्राचार्य खूश. "सर, पुढच्या प्रत्येक पोस्टमध्ये म्हैस घ्या." अर्थसंकल्पावरच्या चर्चेत कशी घेऊ? "बघा की काहीतरी. तुम्ही साहित्यातले."

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी एक उंचापुरा पोरगा विभागात आला. पायात गमबूट, तोंडावर राग.

"ती रील तुम्ही टाकलायसा?"

"हो. का बरं?"

"म्हस आमची हाय." मी खुर्ची जरा मागे घेतली. फोमचे पैसे मागू नये, एवढं भान मला होतं.

"सर, बातमीत कोण, कुठं, कवा, समदं लागतंय न्हवं? तुमच्याच पेजवर लिवलंय. मग 'एका म्हशीची' म्हंजे? नाव इचारायला काय झालतं?"

बारा वर्षं मी पत्रकारितेच्या पहिल्या तासाला हेच शिकवतो. मला उत्तर सुचेना. मी मुकाट्यानं प्रवेश अर्ज पुढे सरकवला. त्यानं उभ्या उभ्याच भरला. 'या अभ्यासक्रमाची माहिती आपणास कोणाकडून मिळाली?' या रकान्यात त्यानं ठळक अक्षरांत लिहिलं : चंद्री.

शुद्धलेखन बिनचूक होतं.