मोरचूद

आत्या नाशिकहून रात्रीच्या बसनं येत होती. इंदूरजवळचं राऊ ओलांडल्याचा तिचा फोनही येऊन गेला होता. आणि मी सुदामा नगरातल्या आमच्या गल्लीत चावी फिरवत बसलो होतो. गाडी फक्त 'टक्' म्हणायची आणि डॅशबोर्डवरचे दिवे नव्या नवरीसारखी मान खाली घालायचे.

संताप याचा, की बॅटरी आठच दिवसांपूर्वी नवी टाकलेली. इंदुरात बंद गाडीचं बॉनेट उघडलं की पोहे खाणारा माणूससुद्धा प्लेट घेऊन बघायला येतो. जुनी बॅटरी बसली, हे अशा पाच जणांनी पाच मिनिटांत ठरवलं होतं. "भिया, बैटरी गई." गेली तर गेली, म्हणून मी साडेचार हजार मोजले. दोन-चार दिवस बरे गेले, आणि पुन्हा 'टक्'.

आत्या शेवटी रिक्षानं आली. बॅग खाली ठेवायच्या आधीच बॉनेटमध्ये डोकावली.

"हे काय रे? गाडीवर मोरचूद फवारलंस की काय?"

आत्याची द्राक्षबाग. मोरचूद, म्हणजे ते निळे खडे, आणि चुना कालवून बुरशीवरचं बोर्डो फवारण्यात तिचा जन्म गेला. निगेटिव्हच्या टोकाशी, काळ्या रबराखालून, हिरवी-निळी पूड फुगून आली होती. मी तिला आजवर 'जरा घाण' समजत होतो. बॅटरीतलं तेजाब पाझरून तांब्याला लागलं की मोरचूदच होतं म्हणे. दुकानदारानं बॅटरी तेवढी नवी दिली, आणि जुन्या वायरीचं टोक पुडीसकट तिच्यावर चढवलं.

समोरचे काका वीज मंडळातून निवृत्त झालेत, पण त्यांचा मीटर अजून नोकरीत आहे. बॅटरीवर 12.6 व्होल्ट, म्हणजे पोट भरलेलं. मग त्यांनी मीटरचं एक टोक निगेटिव्हवर धरलं, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. "मार सेल्फ." टक्. आकडा तीनच्या वर गेला.

"इथं पाव-अर्धा व्होल्ट चालतो. बाकीचं तुझी अर्थिंगची वायर, ही निगेटिव्हकडून बॉडीला जाणारी, खाऊन राहिली आहे."

खात्रीसाठी त्यांनी जंपर केबलनं निगेटिव्ह थेट इंजिनला जोडला. गाडी पहिल्या फटक्यात सुरू! साडेचार हजारांच्या बॅटरीचं काही चुकलंच नव्हतं, आणि बहुधा जुनीचंही नसावं. जुनी तर मी दुकानात देऊन बसलो होतो.

नवी वायर आणायला सियागंजच्या बाजारात गेलो. "पुरानी लाए हो?" नव्हती. "कित्ती लंबी?" मी हवेत हात पसरले. दुकानदारानं माझ्या हातांकडे, मग माझ्याकडे पाहिलं. घरी परत.

निगेटिव्ह आधी सोडवायचा आणि शेवटी लावायचा, हे काकांनी तीनदा बजावलं. पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला तर दिवाळी. निगेटिव्ह आधीच सुटलेला असेल तर काही होत नाही. बॅटरीकडचं टोक दहाच्या पान्यानं मुकाट निघालं. दुसरं टोक बॅटरीच्या खाली, बॉडीवर गंजून चिकटलेलं. तिथं हात गेला तर पाना मावत नाही, पाना मावला तर हात वळत नाही. तासाभरानं बोल्ट सुटला, सोबत माझ्या दोन बोटांची सालं.

काकांनी वायरीचं रबर उभं चिरलं. आत तांबं हवं होतं, तिथून हिरवा भुगा सांडला. शाबूत तारा मोजून सहा-सात. बाहेरून रबर कसं काळंभोर, तुकतुकीत!

मग बायकोकडून ढोकळ्याचा सोडा मागितला. तो पाण्यात कालवून टर्मिनलवर ओतला, तशी सगळी पूड फसफसून उठली. घासायला मोरीतला जुना टूथब्रश घेतला. तो जुना नव्हता, हे चिरंजीवांनी रात्री सांगितलं. बॉडीवरचा रंग पॉलिश पेपरनं खरवडून लोखंड उघडं केलं, सियागंजची दुसरी फेरी मारून आणलेली 250 रुपयांची वायर आवळली, टोकांना व्हॅसलीन फासलं. दुपारचे चार वाजले होते. चावी फिरवली, गाडी अशी सुरू झाली, जशी कधी रुसलीच नव्हती.

गल्लीतले पाचही जण पुन्हा जमले. त्यातला एक म्हणाला, "मैंने तो उसी दिन बोला था भिया, अर्थिंग है."

रात्री आत्याला सराफ्यातल्या खाऊगल्लीत नेलं. भुट्ट्याचा कीस झाला, दहीवडा झाला. दहाच्या सुमारास गाडीत बसलो, तर आत्यानं डॅशबोर्डवरचं घड्याळ वाचलं. बॅटरी सुटली की ते पुन्हा बारापासून मोजायला लागतं, आणि ते लावायचं कसं, हे मला येत नाही.

"अय्या, सहाच वाजलेत? मग फिर मागं. जलेबा राहिलाय."