समुद्रात उतरू दिलं नाही म्हणून दोन स्टार : आमचं उत्तर

नमस्कार दादा,

आमच्या होमस्टेबद्दलचा तुमचा रिव्ह्यू मी वाचला, मिस्टरांनी पण वाचला. स्टार किती द्यायचे ते तुमचं मत, त्याबद्दल काही म्हणणं नाही, पण त्यातल्या काही गोष्टी वाचून पुढे येणाऱ्यांचा गैरसमज होईल म्हणून इथेच सविस्तर लिहितेय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की दापोली ते रत्नागिरी समुद्राकाठाने दोन दिवसांची ट्रिप ठरवली होती, मॅपने दाखवला त्याच्या दुप्पट वेळ लागला, होमस्टेवाल्यांनी, म्हणजे आम्ही, मुलांना पाण्यात जाऊच दिलं नाही आणि वर ओरडले, सुरमई मागितली तर सुकट वाढली, बामणघळीला काहीच बघायला नव्हतं, रात्री लाइट नव्हती, आणि दुसऱ्या रात्रीचे पैसे कापून घेतले.

आधी समुद्राचं बोलते.

तुम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात आलात. पाऊस नुकता लागलेला, वारा सुटलेला, समुद्र खवळलेला. तुम्ही लिहिलंय "गुडघाभर पाण्यात असं काय होणार होतं". दादा, माणसं गुडघाभर पाण्यातूनच आत जातात. मे महिन्यापर्यंत आमचा किनारा लांबच लांब सपाट असतो, तेव्हा आम्हीच पाहुण्यांच्या पोरांना सांगतो जा खेळा. पण पावसाळी लाटा सुरू झाल्या की त्या वाळू ओढून नेतात, किनारा उभा होतो आणि पाण्याखाली वाळूत मध्येमध्ये खोल पट्टे पडतात ते वरून कळत नाहीत. लाट येताना पाणी सगळीकडून येतं पण परत जाताना त्या पट्ट्यातून जोरात आत जातं, आणि खोल असल्यामुळे तिथे लाट फुटत नाही, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला वाटतं इथे शांत आहे, इथे उतरू. बाहेरून आलेली माणसं नेमकी तिथेच उतरतात.

तुमचा धाकटा तिथेच उतरत होता. मी आमच्या वाडीच्या गडग्याजवळ, दगडी कुंपणाशी, उभी होते, मला समोर दिसत होतं. एक लाट परत गेली तशी त्याच्या टाचांखालची वाळू सरकली आणि तो खाली बसला, हसतच उठला, आणि पुढच्या लाटेला पाणी एकदम त्याच्या कमरेवर. तुम्ही तेव्हा मोबाइलवर फोटो काढत होतात, तुमचं लक्ष नव्हतं असं मी म्हणत नाहीये, तुम्हाला तिथून फक्त हसणारं पोर दिसत होतं. मिस्टर धावत गेले आणि दंड धरून त्याला बाहेर आणला. ते ओरडले, हो, त्या वाऱ्यात आणि लाटांच्या आवाजात हळू बोललेलं पाच पावलांवर ऐकू येत नाही. ह्याबद्दल माफी मागणार नाही. उद्या दुसऱ्या कोणाचं मूल असलं तरी ते असेच धावतील, असेच ओरडतील.

गणपतीपुळ्याला बुडण्याच्या बातम्या तुम्हीही पेपरात वाचल्या असतील. चांगले पोहणारे पण जातात, कारण पाण्याची ओढ लागली की माणूस घाबरून सरळ किनाऱ्याकडे हात मारत राहतो आणि दमतो. अशा वेळी किनाऱ्याला समांतर, आडवं पोहून आधी त्या पट्ट्यातून बाहेर यायचं असतं. हे लहान मुलाला कसं सांगणार? आमच्या किनाऱ्यावर जीवरक्षक नाही, मोठं हॉस्पिटल म्हणजे चिपळूण नाहीतर रत्नागिरी, ते पण वळणावळणाच्या रस्त्याने. म्हणून पावसाळ्यात आमच्याकडे राहणाऱ्याला पाण्यात जाता येणार नाही, हा नियम आहे आणि तो बुकिंगच्या मेसेजमध्ये पहिल्याच ओळीत आहे.

आता वेळेचं. मॅपवर दापोली आणि गुहागर अगदी जवळ दिसतात, ते खरंच आहे, पण मध्ये दाभोळची खाडी आहे, वाशिष्ठी तिथे समुद्राला मिळते आणि त्यावर पूल नाही. पुढे आमच्याकडून रत्नागिरीकडे जाताना जयगडची खाडी, शास्त्री नदीची, तोंडाशी तिच्यावरही पूल नाही. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाचं नाव आम्ही अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून ऐकतोय, आता खाड्यांवर मोठे पूल होणार असं ठरलंय, होतील तेव्हा आम्हालाही बरं पडेल, पोरांना कॉलेजला जाता येईल. तोपर्यंत दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड ह्या दोन फेरीबोटींवरच आमचं सगळं चालतं. पाण्यावर वेळ थोडाच जातो, पण आधी रांग, मग गाड्या बोटीत नीट लावून घ्यायच्या, आणि हवा वाईट असली की बोट थांबवतात. दाभोळला बोट चुकली तर खेड-चिपळूणवरून वळसा शंभर किलोमीटरच्या वर जातो. जयगडच्या बोटीत गाडी घालायची नसेल तर राई-भातगावच्या पुलावरून जाता येतं, तो रस्ता मी तुम्हाला व्हॉट्सअॅपवर पाठवला होता. मॅप हे काही धरत नाही, तो आपला ताशी वेग लावून वेळ सांगतो, आणि आमच्या रस्त्यावर समोरून एसटी आली की कोणालातरी मागे घ्यावं लागतं.

आणि खरं सांगू का, हा रस्ता पळत जाण्यासारखा नाहीच. तुम्ही धोपाव्याला उतरून सरळ एन्रॉनच्या, म्हणजे त्या वीज प्रकल्पाच्या समोरून निघून आलात, अंजनवेलला वळला असतात तर गोपाळगड आणि दीपगृह दोन्ही झालं असतं. वर सड्यावर, म्हणजे उंच खडकाळ माळावर, उभं राहिलं की दाभोळच्या खाडीचं तोंड पूर्ण दिसतं, पहिल्या पावसात नदीचं गढूळ पाणी समुद्रात शिरतं तिथे रंगाची रेघ पडलेली दिसते. ते बघायला पैसे पण पडत नाहीत.

सुरमईचं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, यांत्रिक बोटी किनाऱ्याला ओढून ठेवतात. मासळीच्या विणीचा काळ असतो, आणि त्या समुद्रात बोट घालणं पण धोक्याचं. त्या दिवसांत कोणी ताजी सुरमई म्हणून वाढली तर ती बर्फातली असते, ती आणून तुम्हाला ताजी म्हणून विकणं मला जमलं असतं, बऱ्याच ठिकाणी चालतं. सासूबाईंना ते चालत नाही आणि मलाही नाही. तुम्हाला वाढलं ते खाडीतल्या तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, सुकटीची चटणी, कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, सोलकढी. त्या तिसऱ्या शेजारच्या काकींनी सकाळी ओहोटीला वाळूतून काढलेल्या, दोन पाणी बदलून वाळू सोडवायला ठेवलेल्या. सुकट तर मे महिन्यात अंगणात आम्ही स्वतः वाळवतो, पावसाळ्यात आमच्या घरात हेच शिजतं आणि तेच पाहुण्यांच्या ताटात. तुमच्या मिसेसनी पिठलं दोनदा मागून घेतलं, त्यांना विचारा.

हेदवीची बामणघळ. तिथे खडकात एक अरुंद चीर आहे, भरतीचं पाणी त्यात घुसलं की आवाज करत उंच उडतं. ओहोटीला गेलं की फक्त कोरडी चीर दिसते. तुम्ही अकरा वाजता गेलात, तेव्हा ओहोटी होती, आणि निघताना मी तुम्हाला बोलले पण होते की भरती दुपारनंतर आहे, तोवर दशभुजा गणपतीचं दर्शन करून घ्या. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा असते आणि रोज पाऊणएक तास पुढे सरकते, म्हणून आम्ही पाहुण्यांना त्या त्या दिवसाची वेळ सांगतो. पावसाळ्यात तिथले खडक निसरडे असतात, तेव्हा लांबूनच बघायचं.

लाइट गेली होती, झाड पडलं होतं तारेवर. इन्व्हर्टरवर पंखा आणि एक दिवा चालू होता. एसी चालत नाही तेव्हा, तसं रूमच्या माहितीत लिहिलंय.

राहिलं पैशाचं. दुसऱ्या रात्रीचे पैसे कापले हे बरोबर नाही. तुम्ही दुपारी लवकर निघालात, तेव्हा दुसऱ्या रात्रीचा अॅडव्हान्स मिस्टरांनी त्याच संध्याकाळी जीपेवर परत पाठवलाय, ज्या नंबरवरून आला होता त्याच नंबरवर. रेंज नव्हती म्हणून मेसेज तुम्हाला उशिरा पोचला असेल. एकदा बँकेत चेक करा आणि रिव्ह्यूतली तेवढी एक ओळ काढा, बाकीचं जसं लिहिलंय तसं राहू दे.