पिंजरा हॅमस्टरसाठी असतो की दुकानाच्या फळीसाठी?

हॅमस्टरचे पिंजरे ज्याने कोणी डिझाइन केलेत, त्याला त्याच मापाच्या हिशोबाने बांधलेल्या खोलीत आठवडाभर कोंडा. खोलीत एक पलंग, एक बादली, एक गुलाबी घसरगुंडी. बास. आठव्या दिवशी दार उघडून विचारा, "काय साहेब, खिडकीचे गज चावावेसे वाटले का हो?"

आमच्याकडे खारी आहे, हॅमस्टर, म्हणजे उंदरासारखा छोटा पाळीव प्राणी. रंग थेट बेकरीतल्या खारीसारखा, म्हणून खारी. सिरियन जातीची मादी, लेकीच्या आत्याने वाढदिवसाला आणलेली, पिंजऱ्यासकट. हल्ली 'सेट' मिळतो म्हणे. पिंजरा, चाक, वाटी, पाण्याची बाटली आणि वर भुशाची पिशवी फुकट. मी टेप लावून मोजला. तळ 30 बाय 23 सेंटिमीटर! झेरॉक्सचा ए-फोर कागद घ्या, त्याला कडेने बोटभर जागा जोडा, झालं खारीचं घर. त्यातच चाक, त्यातच झोपायची प्लास्टिकची झोपडी, त्यातच वाटी. उरलेल्या जागेत तिने काय करायचं? वळायचं. वळून पुन्हा वळायचं.

आणि मग रात्री सगळं घर झोपलं की सुरू. कर्र कर्र कर्र. गजाला दात लावायचे, डोकं इकडून तिकडे ओढायचं, थांबायचं, पुढचा गज. मध्येच प्लास्टिकच्या ट्रेची कड. नाकावरचे केस घासून गेले पार. दिवसा हीच बया सशासारखी गप्प झोपलेली, त्यामुळे कुणाला सांगितलं तर खरंही वाटत नाही.

आता राग कशाचा, तर आवाजाचा नाही. राग प्रत्येकाच्या तोंडी असलेल्या त्या एका वाक्याचा आहे. "त्यांना चावायची सवयच असते." दुकानदार हेच म्हणतो, शेजारच्या काकू हेच म्हणतात. "दात वाढतात ना त्यांचे, झिजवायला लागतात." अहो, वाढतात की! पुढचे दात आयुष्यभर वाढतात, मान्य. पण ते झिजवायला लाकूड चालतं, फांदी चालते, कडक दाणे चालतात, आणि वरचे-खालचे दात एकमेकांवर घासूनही झिजतात. लोखंड चावून दात नीट झिजत नाहीत, वाकडे होऊ शकतात, तुटू शकतात. वाकड्या दातांनी खाता आलं नाही तर डॉक्टरकडे नेऊन कापून आणायचे, आणि हॅमस्टर बघणारा डॉक्टर शोधा म्हणजे कळेल. कुत्र्या-मांजरांचे ढीगभर. "हॅमस्टर? नाही हो ताई, तेवढं लहान आम्ही बघत नाही."

गज चावणं म्हणजे बाहेर पडायची धडपड. हे माझं भावनिक मत नाही. स्वित्झर्लंडमध्ये बर्न विद्यापीठातल्या लोकांनी बसून मोजलंय. सोनेरी हॅमस्टर, म्हणजे आपली सिरियन जातच, चार मापांच्या पिंजऱ्यांत ठेवले. 1,800 चौरस सेंटिमीटर, 2,500, 5,000 आणि 10,000. गज सगळीकडे चावले गेले, पण लहान पिंजऱ्यात जास्त वेळा आणि जास्त वेळ. लहान पिंजऱ्यातले बिचारे झोपडीच्या छपरावरही जास्त चढून बसायचे, तेवढीच जागा वाढली म्हणून. आता आपला सेट घ्या. 30 गुणिले 23, किती झाले? 690. म्हणजे त्या प्रयोगात जो सगळ्यात लहान, 'बघूया किती त्रास होतो' म्हणून ठेवलेला पिंजरा होता, त्याच्या निम्मासुद्धा नाही! आणि आमच्याकडे तो काचेच्या शोकेसमध्ये लावून, वर रंगीत स्टिकर चिकटवून विकतात. जर्मनीतल्या पशुवैद्यांची प्राणिकल्याण संघटना किमान 100 बाय 50 बाय 50 सेंटिमीटर म्हणते. किमान. हे मी एका दुकानात सांगितलं तर काउंटरवरचा माणूस हसला. "मॅडम, तेवढ्यात आम्ही पंचवीस ठेवतो." ठेवतात हो, खरंच ठेवतात, मी बघितलंय.

त्याच माणसाचं पुढचं वाक्य, "जोडी घ्या, एकटी कंटाळते म्हणून चावते." धन्य! सिरियन हॅमस्टर मोठा झाला की त्याला दुसरा हॅमस्टर डोळ्यासमोर नको असतो. एकाच पिंजऱ्यात ठेवले की रक्तबंबाळ होईपर्यंत भांडतात. आणि नर-मादी निघाले तर गर्भ साधारण सोळा दिवसांचा, तीन आठवड्यांत तुमच्या ए-फोर कागदावर डझनभर गुलाबी पिल्लं. मग तीच पिल्लं घेऊन त्याच दुकानात जायचं. धंद्याचं गणित बरोबर आहे, बिनचूक आहे. केंद्र सरकारने 2018 मध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी नियम काढले, राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करा म्हणून. ते प्रमाणपत्र भिंतीवर कुठे लावलंय, असं एकदा सहज विचारून बघा. मी विचारलं. "साहेब आले की विचारा." साहेब कधी येतात, हे त्यालाच ठाऊक.

बरं, दुकान सोडा, ऑनलाइन बघू म्हटलं. ते तर महाभारत. 'लार्ज' लिहिलेलं असतं, माप लिहिलेलं नसतं. माप लिहिलेलं असलं तर फक्त उंची, कारण उंची तेवढी भरघोस असते. फोटोत पिंजऱ्यात जो हॅमस्टर दिसतो तो वरून चिकटवलेला, सुपारीएवढा केलेला, म्हणजे पिंजरा राजवाडा वाटावा. शीर्षक काय, तर 'हॅमस्टर, ससा, पोपट, गिनीपिग, खार यांच्यासाठी उपयुक्त'. ससा आणि पोपट! एकाच पिंजऱ्यात! खालचे अभिप्राय वाचले की डोकं फुटायची वेळ येते. 'पॅकिंग छान होतं, पाच तारे.' 'मुलाला रंग आवडला, पाच तारे.' अरे, ज्याला राहायचंय त्याचं कुणी विचारलं का?

मग दुमजली, तिमजली. हॅमस्टरला उंची नको असते हो, त्याला जमीन लागते. नजर अधू, उंचीचा अंदाज शून्य. गज धरून सरसर वर जातो, छताला लोंबकळतो आणि मग हात सोडून धप्पकन खाली. मधल्या मजल्याला जाळीची जमीन असली तर पाय अडकून मोडतो. नळ्यांचे पिंजरे आणखी वेगळे. दिसायला झकास, आत हवा खेळत नाही, लघवीचा वास नळीतच कोंडतो, आणि जिथे दोन नळ्या जोडल्यात तिथली कड दोन रात्रींत कुरतडून मोकळी. आमच्या ओळखीतल्या एकांचा तसा हॅमस्टर फ्रिजच्या मागे सापडला. पक्ष्यांचा पिंजरा हॅमस्टरचा म्हणून विकणारेही आहेत. दोन गजांमध्ये करंगळी जाते, मग लहान हॅमस्टर जाणार नाही? डोकं गेलं की अंग जातं. सिरियनला फार तर एक सेंटिमीटर, छोट्या जातींना त्याहून कमी, एवढंच अंतर चालतं. ते कुठल्या खोक्यावर लिहिलंय दाखवा.

आणि तो ट्रे! सगळ्यात जास्त चीड त्या ट्रेची. चार-पाच सेंटिमीटर खोल. 1930 मध्ये सिरियात अलेप्पोजवळच्या शेतात सोनेरी हॅमस्टरची मादी पिल्लांसकट सापडली, तीच आजच्या बहुतेक पाळीव सिरियनांची मूळ आई. किती खोल खणावं लागलं तिच्यासाठी? आठ फूट. आठ फूट खोल बीळ करणाऱ्या खानदानाची लेक आमच्याकडे चार सेंटिमीटर भुशात उकरते, खाली प्लास्टिक लागतं, पुन्हा उकरते, पुन्हा प्लास्टिक. मग जाते गजाकडे. त्याच बर्नच्या मंडळींनी तेही तपासलंय. 10, 40 आणि 80 सेंटिमीटर भुशात ठेवून बघितलं, तर गज चावण्यात 10 वाले सगळ्यात पुढे. आणि आपल्याकडे 10 सुद्धा नशिबात नाही.

फुकट मिळालेला भुसासुद्धा वखारीतला. त्यात प्लायवूडचा भुगा, डिंक, धूळ. खारी शिंकायला लागली तेव्हा तो आधी फेकला.

नवरा म्हणाला, सुताराकडून करून घेऊ. सुतार चांगला माणूस, पण त्याने लाकडी चौकटीला गज लावायचा बेत केला, म्हणजे हॅमस्टरला जेवणाचं ताट वाढल्यासारखंच. इथे एक गोष्ट लक्षात घ्या, ही मला कुठल्याच दुकानात कुणी सांगितली नाही, रात्री टॉर्च घेऊन खारीकडे बघत बसल्यावर कळली. सपाट पृष्ठभागावर तिचे दात बसतच नाहीत. घसरतात. तिला कड लागते. गज, ट्रेची वळलेली कड, दाराची कडी, अॅक्रिलिकला पाडलेलं हवेचं भोक, प्लायचा कोपरा. जिथे कड, तिथे दात. तेव्हा तिच्या तोंडाच्या उंचीला एकही कड नसेल असं घर हवं, एवढा साधा प्रश्न. त्याचं उत्तर पाळीव प्राण्यांच्या दुकानात नाही. ते मासेवाल्याकडे आहे.

फिश टँक. चार बाजूंनी काच, सपाट, गुळगुळीत. मी मासेवाल्या दादांकडे गेले. "चार फूट बाय दोन फूट, उंची दीड फूट."

"कुठले मासे ठेवणार ताई?"

"मासे नाही."

"मग कासव?"

"हॅमस्टर."

ते बराच वेळ माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "पाणी नाही भरणार ना? मग नवी कशाला घेता, गळकी घ्या." मागे जाऊन गिऱ्हाइकाने परत केलेली टाकी काढली. कोपऱ्यातून थेंब थेंब गळते म्हणून मासे ठेवायला बाद. साडेतीन बाय दीड फुटांची, मागितली त्यापेक्षा लहान, पण तरी जवळजवळ पाच हजार चौरस सेंटिमीटर. आणि किंमत? त्या गुलाबी सेटपेक्षा कमी! एवढं एक वाक्य मी आता दिसेल त्याला ऐकवते. गळकी टाकी मागा. मासेवाल्याला अडगळ, हॅमस्टरला वाडा.

झाकण स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याकडून. उरलेल्या अॅल्युमिनियमची चौकट आणि बारीक चौकोनाची लोखंडी जाळी. डासांची नायलॉनची जाळी बसवू का, असं त्याने दोनदा विचारलं. नको, ती एका रात्रीत फस्त. संपूर्ण वरची बाजू जाळीची हवी, काचेचं झाकण अजिबात नको, नाहीतर आत वाफाळून जातं. पुण्याच्या एप्रिलमध्ये तर टाकी खिडकीपासून लांब, उन्हाची तिरीपही नको, दुपारी बाहेरून काचेला बर्फाची बाटली टेकवून ठेवायची. हॅमस्टरला उकाडा मानवत नाही, तिशीच्या पुढे पारा गेला की लक्ष ठेवावं लागतं.

आत वीतभर कागदी भुसा, साधा पांढरा कागद फाडूनही चालतो. नारळाची करवंटी पालथी. मातीचं छोटं मडकं. पेरूची फांदी, औषध न मारलेल्या झाडाची, धुऊन वाळवून. त्या सेटमधल्या रंगीत 'च्यू टॉय'कडे ढुंकूनही न बघणारी खारी पेरूची साल सोलत बसते. गज चावणं बंद झालं, कारण गजच नाहीत. आता रात्रभर खोदते. खोदू दे. तो आवाज मला चालतो.

सासूबाईंचं म्हणणं, "उंदराला एवढं घर, आणि माझ्या शिवणयंत्राला कोपरा नाही." यावर माझ्याकडे उत्तर नाही, कारण टाकी शिवणयंत्राच्याच जागी ठेवली आहे.

पण चाक! चाकाचं काय करू सांगा. सेटमधलं चाक तळहाताएवढं, त्यात पळताना खारीची पाठ धनुष्यासारखी मागे वाकायची. सिरियनला साधारण 28 सेंटिमीटर व्यासाचं लागतं, पाठ सरळ राहील असं, आणि गजांचं नाही, सलग पृष्ठभागाचं. स्थानिक दुकानांत 'एवढं मोठं येतच नाही'. ऑनलाइन मागवलं, 28 लिहिलेलं. खोकं उघडून टेप लावला तर 21. परत पाठवायला गेले तर उत्तर, 'प्राण्यांच्या वापराच्या वस्तू परत घेतल्या जात नाहीत.' अहो, प्राण्याने वापरलंच नाही, तो त्यात मावत नाही म्हणून तर परत करतेय! टेप लावलेला फोटो पाठवला. त्यावर निरोप आला, 'कदाचित आपण स्टँड सोडून मोजले असेल.' स्टँड! चाकाचा व्यास स्टँडसकट मोजणारी ही कुठली भूमिती? पुन्हा लिहिलं, पुन्हा फोटो, टेपवरचा आकडा लाल गोलात. काल रात्री शेवटी काहीतरी आलं, म्हटलं पैसे मिळाले. उघडून बघते तर, 'आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल?'