‘नाइस, काका!’

कोजागरीच्या रात्री सोसायटीच्या गच्चीवर मी स्वरचित कविता वाचली, तेव्हा मसाला दुधाचा पेला तोंडाला लावता लावता निदान सात जणांनी मला ‘नाइस, काका!’ असा अभिप्राय दिला. त्यांपैकी एकालाही कवितेतला एखादा शब्द आठवत नसल्यामुळे, या ‘नाइस’मध्ये कौतुक नेमके किती मावते हे तपासण्याची दुर्बुद्धी मला झाली आणि घरी येऊन मी शब्दांच्या व्युत्पत्तीचा कोश उघडला. त्या रात्रीची झोप तिथेच संपली.

हा शब्द मुळात लॅटिन ‘नेस्कियुस’ असून त्यात ‘ने’ म्हणजे ‘न’ आणि ‘स्कीरे’ म्हणजे जाणणे. थोडक्यात, आपला शुद्ध ‘अज्ञ’. ज्या ‘स्कीरे’च्या कुळात ‘सायन्स’सारखे हुशार अपत्य निपजले, त्याच कुळातला हा ढ मुलगा जुन्या फ्रेंचमार्गे १३०० च्या सुमारास इंग्रजीत आला, तो ‘मूर्ख’ हाच अर्थ पदरात बांधून. पुढे तो नखरेल झाला, चोखंदळ झाला, काटेकोर झाला (‘नाइस डिस्टिंक्शन’ म्हणजे सूक्ष्म भेद, ही त्या दिवसांची आठवण), आणि अठराव्या शतकात ‘छान’ होऊन सुखाने स्थिरावला. जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’ कादंबरीत नायक हेन्री टिल्नी या शब्दाच्या सरसकट वापराची यथेच्छ थट्टा करतो, पण मूळ अर्थ सांगताना त्याचीही मजल नीटनेटकेपणा आणि नजाकत यांच्या मागे जात नाही. मूर्खापर्यंत पोहोचण्याचा मान कोजागरीच्या कवीसाठी राखून ठेवलेला होता. ‘सिली’ची वाट नेमकी उलटी, म्हणजे धन्य, भाग्यवान इथून निघून बावळटाच्या घरी, तेव्हा कोणी मला ‘सिली’ म्हणाले असते, तर मी निदान पूर्वार्धावर समाधान मानले असते.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये सातव्या मजल्यावरच्या गृहस्थांनी मला एकटा गाठून स्वतःची गझल सुरू केली. तळमजला येईपर्यंत तिचे तीन शेर झाले. दार उघडताच मी चौदाव्या शतकातला अर्थ मनात पक्का धरून, शक्य तितक्या स्पष्ट उच्चारात ‘नाइस!’ असे म्हणालो. ते इतके प्रसन्न झाले, की उरलेले शेर ऐकवण्यासाठी मला पुन्हा सातव्या मजल्यापर्यंत घेऊन गेले.