एक डोळा गेला म्हणजे निम्मा मेंदू गेला, हे खरे नाही

डोळ्याला गंभीर इजा झाल्यावर मेंदूत काय घडते, हे सांगणारा एक मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जात आहे. त्यात पाच दावे आहेत. एक डोळा गेला की मेंदूचा त्या बाजूचा निम्मा भाग बंद पडतो. उरलेल्या डोळ्यावर दुप्पट भार येतो, म्हणून वाचन आणि टीव्ही बंद करून त्याला विश्रांती द्यावी. रिकाम्या झालेल्या भागाची शक्ती आपोआप कानांना आणि स्पर्शाला मिळते. नसलेल्या गोष्टी दिसू लागल्या तर डोक्यावर परिणाम झाला असे समजावे. आणि लहान मुलाच्या डोळ्याची शस्त्रक्रिया ते मोठे झाल्यावर केली तरी चालते, कारण डोळा दुरुस्त झाला की दिसू लागतेच. यांतल्या काही विधानांत सत्याचा अंश आहे आणि त्यामुळेच हा मजकूर अधिक घातक ठरतो. शेवटचा दावा तर एखाद्या मुलाची दृष्टी कायमची घालवू शकतो.

पहिला दावा मेंदूची रचनाच चुकीची सांगतो. प्रत्येक डोळ्यातून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या नसेत, म्हणजे दृष्टिचेतेत, दहा लाखांहून अधिक तंतू असतात. दोन्ही दृष्टिचेता मेंदूच्या तळाशी एकत्र येतात आणि तिथे प्रत्येकीतले निम्म्याहून थोडे अधिक तंतू, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या नाकाकडच्या भागातून आलेले, विरुद्ध बाजूला जातात. उरलेले आपल्याच बाजूला राहतात. त्यामुळे मेंदूचा डावा भाग डावा डोळा पाहत नाही, तर दोन्ही डोळ्यांना दिसणारी उजवीकडची दुनिया पाहतो, आणि उजवा भाग डावीकडची. उजवा डोळा गेला तरी मेंदूच्या दोन्ही भागांना डाव्या डोळ्याकडून संदेश मिळतच राहतात. कोणताही भाग बंद पडत नाही.

बदल मात्र नक्की होतो. डोक्याच्या मागच्या बाजूस असलेल्या प्राथमिक दृष्टिक्षेत्रात, म्हणजे डोळ्यांचे संदेश जिथे पोचतात त्या मेंदूच्या भागात, एका डोळ्याच्या पेशींची पट्टी, तिच्या शेजारी दुसऱ्या डोळ्याची, अशी आलटून पालटून मांडणी असते. एक डोळा गमावलेल्या काही व्यक्तींच्या मेंदूंची मृत्यूनंतर तपासणी झाली, तेव्हा पेशींची कार्यशीलता दाखवणाऱ्या रंगप्रक्रियेत या पट्ट्या फिक्या आणि गडद अशा उमटल्या. गेलेल्या डोळ्याच्या पट्ट्या फिक्या होत्या. पूर्णपणे संदेशाविना राहतो तो एक लहानसा तुकडा. प्रत्येक डोळ्याला कानशिलाच्या बाजूस एक अशी कड दिसते जी दुसऱ्या डोळ्याला नाकाआडून दिसतच नाही, आणि त्या कडेपुरतेच मेंदूतले क्षेत्र ओस पडते. निम्म्या मेंदूच्या भीतीमागे असलेले सत्य एवढेच आहे.

दुसऱ्या दाव्याला सर्वांत चांगले उत्तर क्रिकेटच्या मैदानावर मिळाले आहे. 1 जुलै 1961 रोजी इंग्लंडमधील होव्ह येथे मोटार अपघातात काचेचा तुकडा मन्सूर अली खान पतौडी यांच्या उजव्या डोळ्यात शिरला आणि त्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते दिल्लीत इंग्लंडविरुद्ध पहिला कसोटी सामना खेळले. त्यांचे 46 कसोटी सामने, सहा शतके आणि 1964 मधील दिल्लीची नाबाद 203 धावांची खेळी, हे सगळे अपघातानंतरचे आहे. सुरुवातीला सिगारेट पेटवताना काडी टोकापासून जराशी हुकत असे आणि भांड्यातून पेल्यात ओतलेले पाणी टेबलावर सांडत असे, हे त्यांनी स्वतः सांगून ठेवले आहे. दोन डोळ्यांच्या किंचित वेगळ्या चित्रांची तुलना करून मेंदू जी खोली ठरवतो, ती एका डोळ्याने मिळत नाही आणि ती उणीव आयुष्यभर राहते. पण सावल्या, वस्तूंचे लहानमोठे आकार, एकीने दुसरीला झाकणे आणि डोके हलवले असता जवळच्या वस्तू लांबच्यांपेक्षा वेगाने सरकणे, या खुणांवर मेंदू अधिक भर देऊ लागतो. एक डोळा गमावलेली माणसे वस्तू उचलायला हात पुढे करताना डोके अधिक हलवतात, असे प्रयोगांत आढळले आहे. हे वापरानेच येते. वाचल्याने किंवा पाहिल्याने निरोगी डोळा झिजत नाही. उलट त्याला विश्रांती देणारा माणूस हा सराव लांबणीवर टाकतो.

इथे एक खरा धोका मात्र आहे, आणि तो त्या मजकुरात कुठेच नाही. भेदक जखमेनंतर क्वचित शरीराची प्रतिकारयंत्रणा दुसऱ्या, निरोगी डोळ्यावरच उलटते आणि तिथे दाह सुरू होतो. अंधांना बोटांनी वाचता येणारी उठावदार ठिपक्यांची ब्रेल लिपी तयार करणाऱ्या लुई ब्रेल यांचा जन्म 1809 मधला. वयाच्या तिसऱ्या वर्षी वडिलांच्या चामडेकामाच्या कारखान्यात आरी एका डोळ्यात घुसली आणि पाच वर्षांचे होईपर्यंत दोन्ही डोळे गेले, त्याचे एक संभाव्य कारण हेच मानले जाते. आज यावर औषधे आहेत. म्हणून चांगला डोळा लाल होणे, दुखणे, उजेड सहन न होणे किंवा धूसर दिसणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. याचा ताणाशी काही संबंध नाही.

तिसऱ्या दाव्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ आहे. एक डोळा गेल्यावर दृष्टिक्षेत्र रिकामे होतच नाही, तेव्हा त्याची शक्ती कानांना मिळण्याचा प्रश्नच येत नाही. दोन्ही डोळे गेलेल्यांची, विशेषतः बालपणी गेलेल्यांची, गोष्ट निराळी आहे. त्यांच्या बोटांखाली ब्रेल असताना दृष्टिक्षेत्र कामाला लागते, हे 1996 मध्ये मेंदूच्या चित्रणातून दिसले. 2000 साली नोंदवल्या गेलेल्या एका जन्मांध महिलेच्या बाबतीत तर पक्षाघाताने मेंदूची दोन्हीकडची दृष्टिक्षेत्रे निकामी झाली आणि तिला ब्रेल वाचता येईनासे झाले, जरी बोटांना स्पर्श कळत होता. यावरून ते क्षेत्र वाचनात खरोखर भाग घेत होते, असे ठामपणे म्हणता येते. डोळस माणसांच्या डोळ्यांवर पाच दिवस सतत पट्टी बांधून केलेल्या प्रयोगात दृष्टिक्षेत्र स्पर्शाला प्रतिसाद देऊ लागले आणि पट्टी सुटल्यावर 24 तासांत तो प्रतिसाद ओसरला. म्हणजे हे मार्ग बहुधा आधीपासूनच असतात. परंतु यात ‘आपोआप’ असे काही नाही. ज्याने रोज बोटांनी वाचले, पांढऱ्या काठीने रस्ता ओळखायला शिकले, आवाजावरून दिशा ठरवण्याचा सराव केला, त्याचीच ती क्षमता वाढते. नुकतीच दृष्टी गमावलेल्या प्रौढाला ‘आता तुमचे कान तीक्ष्ण होतील’ असे सांगून प्रशिक्षणाविना घरी बसवणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

चौथा दावा क्रूर आहे. जिनिव्हाचे चार्ल्स बोने यांनी 1760 मध्ये आपल्या 89 वर्षांच्या आजोबांची हकिकत लिहिली. त्यांची दृष्टी खूप मंदावली होती, बुद्धी शाबूत होती आणि त्यांना माणसे, पक्षी, इमारती दिसत असत. ही चित्रे खरी नाहीत हेही त्यांना कळत असे. आज ही अवस्था बोने यांच्याच नावाने ओळखली जाते. डोळ्यांकडून संदेश कमी झाले की दृष्टिक्षेत्रातल्या पेशी स्वतःहूनच सक्रिय होतात. 1998 मध्ये अशा रुग्णांच्या मेंदूचे भास चालू असतानाच चित्रण केले गेले, तेव्हा रंगीत भासांच्या वेळी रंग ओळखणारे क्षेत्रच सक्रिय आढळले. अनेक जण ‘वेडा म्हणतील’ या भीतीने हे घरात बोलतही नाहीत. त्यांनी डॉक्टरांना नक्की सांगावे, आणि घरच्यांनी शांतपणे ऐकून घ्यावे.

आता पाचवा दावा. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी 1960 च्या दशकात मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा सुरुवातीचे काही महिने शिवून बंद ठेवला. नंतर तो उघडला तेव्हा डोळा निरोगी होता, पण दृष्टिक्षेत्रातल्या पेशी जवळजवळ फक्त दुसऱ्या डोळ्यालाच प्रतिसाद देत होत्या. प्रौढ मांजराचा डोळा तितकाच काळ बंद ठेवल्यावर असे झाले नाही. दृष्टियंत्रणेवरील संशोधनासाठी त्यांना 1981 चे नोबेल मिळाले. माणसाच्या मुलांतही असेच घडते. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मेंदू कोणत्या डोळ्याचे ऐकायचे हे शिकत असतो, आणि जखमेमुळे बुबुळावर पांढरा डाग पडला किंवा मोतीबिंदू झाला तर तो त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. अमेरिकेतील माइक मे यांची दृष्टी वयाच्या तिसऱ्या वर्षी रसायनाच्या स्फोटात गेली आणि 2000 साली, 46 व्या वर्षी, शस्त्रक्रियेने एका डोळ्यापुरती परत आली. हालचाल, रंग, साधे आकार त्यांना कळू लागले. चेहरे ओळखणे मात्र काही वर्षांनंतरही फारसे जमले नाही. डोळा दुरुस्त झाला होता, पण पाहणे शिकण्याचा काळ निघून गेला होता.

म्हणून मुलाच्या डोळ्याला विटी, पेन्सिल किंवा फटाका लागला असेल तर डोळा चोळू नये, दाबू नये, घरचे कोणतेही थेंब घालू नयेत आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. खायचा चुना उडाला असेल तर मात्र आधी भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ डोळा धुवावा आणि मग लगेच निघावे. टाके घातले गेले की काम संपले असे मानू नये. चष्मा कधीपासून लावायचा, चांगल्या डोळ्यावर पट्टी रोज किती तास बांधायची आणि पुढची तपासणी केव्हा, हे तिन्ही प्रश्न डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारावेत. पट्टी बांधल्यावर मूल रडेल आणि हट्ट करेल, तरी डॉक्टरांनी सांगितलेले तास पूर्ण करावेत, कारण दुखावलेल्या डोळ्याने पाहायला मेंदू शिकतो तो त्याच तासांत.