पाच हजारांनी पाळणा हलतो का?

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा वाद पेटला. काकांनी लिहिलं, गरोदर बायकांना सरकार पाच हजार रुपये वाटतं म्हणून लोकसंख्या वाढते. आतेभावाने उलट सांगितलं की आता चंद्राबाबू नायडूंसारखे मुख्यमंत्रीच जास्त मुलं होऊ द्या म्हणताहेत, तेव्हा रक्कम वाढवाच. दोघं हमरीतुमरीवर आले, पण दोघांनी धरून चाललेली गोष्ट एकच: गरोदरपणात हातात पैसे पडले की बाई आणखी मुलं होऊ देते.

मी जर्मनीत राहते, माझी दोन्ही बाळंतपणं इथेच झाली. इथे नोकरदार बाईला बाळंतपणाआधी सहा आणि नंतर आठ आठवडे पगाराची चिंता नसते. पुढे बाळासाठी घरी राहणाऱ्या पालकाला 'एल्टर्नगेल्ड' मिळतं, निव्वळ पगाराच्या साधारण ६५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १८०० युरो. शिवाय २०२५ साली प्रत्येक मुलामागे सरकारकडून दरमहा २५५ युरो होते. एवढं असूनही २०२४ मध्ये इथला जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, १.३५ होता.

का, ते मी घरातच पाहिलं. दुसऱ्या वेळी पाचव्या महिन्यातच मी पाळणाघरासाठी नाव नोंदवायला लागले. २०१३ पासून इथे वर्षाच्या मुलाला पाळणाघराचा कायदेशीर हक्क आहे, पण हक्क असून जागा नसते. फ्रिजवर अकरा नावांचा कागद लावला होता. फोन केला की एकेका नावावर काट. शेजारणीला तिसरं मूल हवं होतं. ती आणि तिचा नवरा आमच्याकडे बसून यावर तासभर बोलले, त्यात एल्टर्नगेल्डचा विषयही निघाला नाही. दुपारी तीनला मुलांना आणायला कोण जाणार, यावरच गाडी अडली. तिसरं झालं नाही.

पैशाचा काहीच परिणाम होत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. स्पेनने २००७ मध्ये बाळामागे २५०० युरो द्यायला सुरुवात केली, तेव्हा जन्म सुमारे सहा टक्क्यांनी वाढल्याचं अभ्यासात दिसलं. ऑस्ट्रेलियात १ जुलै २००४ पासून जन्मणाऱ्या बाळांसाठी ३००० डॉलर जाहीर झाले आणि हजाराहून जास्त जन्म जूनमधून जुलैत ढकलले गेले! तिथे निदान या बाळांपुरती तरी फक्त तारीख बदलली. बाळंतपणासाठी रोख देणाऱ्या आपल्या जननी सुरक्षा योजनेमुळेही काही राज्यांत जन्म किंचित वाढले असावेत, असं २०१६ च्या एका अभ्यासात म्हटलं होतं. योजना मुळात बाळंतपण दवाखान्यात व्हावं म्हणून होती, हे काकांनी लक्षात घ्यावं.

आता आपल्याच देशातले आकडे बघा. तमिळनाडूत मुथुलक्ष्मी रेड्डी योजनेत रोख आणि पोषणाचं किट मिळून १८,००० रुपये मिळतात, तेही पहिल्या दोन बाळंतपणांना. बिहारमध्ये केंद्राच्या मातृवंदना योजनेचे पहिलटकरणीला पाच हजार. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तमिळनाडूचा जननदर १.८ होता, बिहारचा ३.०, आपल्या महाराष्ट्राचा १.७. मुलींचं शिक्षण, लग्नाचं वय, बाळ जगेल याची खात्री, या गोष्टींपुढे पाच-दहा हजार कुठेच टिकत नाहीत.

मला राग येतो तो यापुढच्या गोष्टीचा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गरोदर आणि स्तनदा मातांना किमान सहा हजारांचा हक्क लिहिला आहे. मातृवंदना योजनेने तो आधी पहिल्या मुलापुरता पाच हजारांवर आणला. २०२२ पासून दुसऱ्या वेळीही सहा हजार मिळतात, पण मुलगी झाली तरच. मुलगी व्हावी, तिचं स्वागत व्हावं, हा हेतू मला मान्य आहे. पण म्हणजे पैसे बाळ जन्मल्यावर येणार, गरोदरपणात एक रुपयाही नाही.

माझी मामेबहीण शिलाई कारखान्यात काम करते. दुसऱ्या वेळी तिचं हिमोग्लोबिन नऊ होतं. पाय सुजून चपलेत मावत नव्हते, तरी आठवा लागेपर्यंत ती मशीनवर बसली, कारण रजा म्हणजे बिनपगारी. तिला मुलगा झाला, त्यामुळे योजनेचे पैसे मिळण्याचा प्रश्नच उरला नाही. पोटात मुलगा होता म्हणून तिला लोह, दूध, आराम कमी लागला का?

काकांना मी एवढंच लिहिलं: हिच्यासाठी मागा. दुसऱ्या वेळेलाही, मुलगा-मुलगी न बघता, आणि सातवा लागायच्या आत. जननदर किती हलला ते त्यानंतर मोजा. त्याआधी तिचं हिमोग्लोबिन आणि बाळाचं वजन मोजा. काकांनी मेसेज वाचलाय, उत्तर अजून आलेलं नाही. आतेभावाने मात्र तिच्या कारखान्यात किती जणी आहेत ते विचारलंय.